नांदायला निघालेला नवरा

आमच्या गल्लीतून आजवर जेवढ्या जणी नांदायला गेल्या त्या सगळ्या मुली. पुरुषांत पहिला मान माझा. हा शोध मी लावलेला नाही, कुंभार पिंपळगावच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात तो लागला. मी आत पाऊल टाकलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "काय सर, कवा चालले नांदायला?" आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा उत्तर द्यायचा, "कसे जातेन? मूळ कुठं आलंय आजून!" सासरहून सुनेला न्यायला माणूस येतो, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. माझं मूळ म्हणजे व्हिसा. पहिलं वर्षभर मीही त्यांच्याबरोबर हसलो. पुढे मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात जायला लागलो आणि नंतर चहा घरीच प्यायला लागलो.

माझी बायको परदेशी. तिच्या देशाचं नाव सांगून उपयोग नाही. गावात ते कुणालाच धड म्हणता आलं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला 'तिकडं' म्हणायचं ठरवून टाकलं. तिकडं लई थंडी असती. तिकडं भाकर मिळत न्हाई. हळूहळू मीही तिकडंच म्हणू लागलो.

ती आली होती कालव्याचं पाणी शिकायला. आमच्या भागात कालव्याला पाण्याच्या पाळ्या सुटतात, तेव्हा वरच्या शेतकऱ्याला किती पाणी मिळतं, शेवटच्याला किती, आणि ते कोण ठरवतं, असा तिचा अभ्यास. मी घनसावंगीला ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवायचो. तासिकेवर म्हणजे तास झाला तर पगार, नाहीतर राम राम. उन्हाळ्यात मला काही काम नव्हतं, तिला दुभाष्या हवा होता. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट घालून ती कालव्याच्या चाऱ्या आणि बांध तुडवत हिंडली.

पहिल्या आठवड्यात ती वैतागली. ज्याला विचारावं तो सांगायचा, आम्हाला थेंबभर पाणी मिळत नाही. त्याच्या मागे ऊस डोक्याच्या वर गेलेला. "हे खोटं का बोलतात?" तिने विचारलं. मी म्हणालो, "खोटं नाही बोलत. तुला सरकारी बाई समजतात. आमच्याकडे आधी विचारणारा कोण ते ठरतं, मग उत्तर ठरतं." तिने ते डायरीत लिहून घेतलं. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी चहा प्यायलो, कोण कुठले ते सांगितलं, मी माझ्या आजोळाचं नाव घेतलं, आणि पाणी आपोआप निघालं. तेव्हा मला फार शहाणं वाटलं होतं.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्याला आम्ही जालन्याला नोटीस देऊन, महिनाभर थांबून नोंदणी केली आणि मग गावातल्या विहारात लग्न लावलं.

तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्याजवळ. तिकडून कुणीच येणार नव्हतं. विहारात सगळे जमले, पांढरी साडी आली, हार आले, आणि भंतेजींनी विचारलं, "मुलीकडचे कोण?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात शेजारची काकू पुढे झाली. "मी हाय की पोरीकडची," ती म्हणाली.

काकूचं घर आमच्या घराला लागून. मधली भिंत सामाईक. तिचे दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि म्हैस. मुलगी व्हावी ही तिची हौस राहिलेलीच होती. तिने बायकोला आपल्या घरी नेलं, साडी नेसवली, हळद लावली, वर दमही भरला, "वाकून चाल गं, किती उंच हायेस." लग्न झाल्यावर पाठवणी झाली ती तिच्या दारातून आमच्या दारात. मधे फक्त म्हशीचा गोठा. पण काकू अशी रडली की लोकांनी तिला धरून बसवलं. बायकोला वाटलं काहीतरी वाईट घडलं. मी सांगितलं, काही नाही, तुझी आई रडतेय.

बायको पावसाळा संपेपर्यंत राहिली. मग तिची रजा संपली, वडिलांचं दुखणं वाढलं, आणि ती गेली. ठरलं असं की दोन-चार महिन्यांत मी मागून जायचं. रबरी बूट ती दाराच्या मागे ठेवून गेली. बॅगेत मावत नव्हते, शिवाय परत येणारच होती.

दोन-चार महिने कुठले! आधी तिकडची भाषा शिका, तिची परीक्षा द्या. पहिल्यांदा मी नापास झालो. इंग्रजीचा मास्तर दुसऱ्याच्या भाषेत 'मला एक किलो बटाटे पाहिजेत' एवढं सांगता न आल्यामुळे नापास, ही गोष्ट मी गावात कुणाला कळू दिली नाही. मग पास झालो. मग जन्माचा दाखला, त्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का. शेवटी मुंबईला वकिलातीत जाऊन काचेच्या खिडकीपलीकडच्या बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी बायकोबद्दल बरंच विचारलं आणि मी नीट सांगितलं. निघताना त्या म्हणाल्या, "कागदांची खात्री करायला आमचा माणूस तुमच्या गावी जाईल. केव्हा, ते आधी कळवत नाहीत."

मग नुसती वाट बघणं. लग्न झालेला आणि बायको नसलेला पुरुष आईच्या घरात कसा राहतो हे कुणी विचारू नये. आई माझी अंगणवाडीत मदतनीस होती, निवृत्त झालेली. ती दोन भाकरी जास्त थापायची आणि त्या कुणासाठी हे दोघंही बोलायचो नाही. जेवताना कोण कुणाला काय सांगणार? मला दिवसभर इंग्रजीचे तास, तिला दिवसभर टीव्ही. संध्याकाळी मी फोन घेऊन माडीवर जायचो, कारण रेंज तिथेच होती, तीही पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात. तिकडे तिची दुपारची जेवणाची सुट्टी असायची. मी टाकीभोवती फेऱ्या मारत बोलायचो. खाली गल्लीत बायका निवडणं-टिपणं करत बसलेल्या असायच्या. "सर बोलून राह्यले वाटतं," असं एखादी म्हणायची. मला त्याची चीड यायची. माणसाला बायकोशी दोन शब्द बोलायला गाव साक्षीला लागतं का, असं वाटायचं.

पुढे गावात नवा टॉवर झाला. घरात, अगदी आतल्या खोलीतसुद्धा रेंज आली. मी कानात इअरफोनची दोरी घालून, दार लोटून, आतल्या आत बोलायला लागलो. किती सुटल्यासारखं वाटलं मला! आता कुणी वरती बघत नव्हतं, कुणी काही म्हणत नव्हतं.

खरं तर कुणीच काही म्हणत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. नात्यात कुठे कार्य असलं की पहिल्या वर्षी मला टोपी-टॉवेल आणि तिच्या नावाने साडी असा जोडीचा आहेर व्हायचा. "सूनबाईला पाठवून द्या तिकडं," असं म्हणून पिशवीत घालायचे. आईने त्या साड्या पेटीत रचून ठेवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी साडी बंद झाली. नुसता टॉवेल. मला वाटलं, महागाई आहे, लोक तरी किती करतील. हॉटेलातली थट्टाही थांबली. मी कधीमधी आत गेलो की गप्पा एकदम पिकावर जायच्या. मला तेही बरंच वाटलं.

एकदा काकू दारात येऊन म्हणाली, "ते बूट नुसते पडून हायेत. मी नेऊ का? गोठ्यात चिखल लई झालाय."

"कशाला? ती आल्यावर लागतील," मी जरा जोरातच म्हणालो.

माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. "बरं बाबा, राहू दे," म्हणाली आणि गेली.

त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त छळलं असेल तर त्या शांततेने. रविवारी दुपारी गल्ली झोपलेली असायची आणि मी तिकडच्या भाषेतले शब्द पाठ करत बसायचो. चमचा, खिडकी, भाडं, शेजारी. मोठ्याने म्हणायचो, आणि ऐकायला कुणी नसायचं. बायको फोनवर हसून म्हणायची, तुझे उच्चार सुधारले. मला म्हणावंसं वाटायचं, उच्चार गेले खड्ड्यात, मला तुझ्या शेजारी बसायचंय. कधी म्हणालोही. मग दोघंही गप्प बसायचो आणि फोन उगाच चालू राहायचा.

नकार आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. मेल उघडला. विवाह खरा असल्याबद्दल खात्री पटत नाही, असं लिहिलं होतं. खाली कारण होतं: प्रत्यक्ष चौकशीत घराशेजारच्या रहिवाशाने अर्जदाराचं लग्न झालेलं नाही असं सांगितलं. मी ते तीनदा वाचलं. मग तास होता म्हणून वर्गात गेलो आणि काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

शेजारचा रहिवासी! माझ्या डोक्यात एकच नाव आलं, चुलतभाऊ. त्याचं घर आमच्या दुसऱ्या बाजूला आणि आमचा त्याच्याशी सांडपाण्याच्या नालीवरून वाद. ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा म्हणतात, पण आमची भावकी आतबाहेर सारखीच डोंगी, असं मी मनाशी पक्कं केलं. बाजाराच्या दिवशी त्याला भर गर्दीत गाठलं. "नालीचा सूड माझ्या संसारावर काढलास," मी म्हणालो. तो शपथा घ्यायला लागला. मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी गल्लीतल्या कुणाशीच बोलेनासा झालो. ज्याच्याकडे बघावं त्याच्या तोंडावर मला ते वाक्य दिसायचं. काकूशी तेवढं दोन शब्द बोलायचो.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "शेजारचे त्या माणसाला कोण समजले असतील?"

मी खेकसलो. "तुझा कालव्याचा अभ्यास पुरे. इथे माझं घर जळतंय."

तीन-चार दिवसांनी सकाळी काकू विरजण न्यायला आली. मी आतल्या खोलीत होतो, आई ओट्यावर शेंगा फोडत होती. काकू तिच्याजवळ बसली, चार शेंगा फोडल्या आणि हळूच म्हणाली, "का गं, ते पाव्हणे पुन्हा आलेच न्हाईत का?"

"कोणते पाव्हणे?" आई म्हणाली.

"आगं ते, दिवाळीच्या आधी आल्ते! तू वडीगोद्रीला गेल्ती बहिणीकडं. पांढरी गाडी, हातात फाईल. तुमचं दार बंद म्हणून माझ्याकडं आले. पोराचं नाव घेतलं, इचारलं, इथंच राहतो का, काय करतो, घरात कोण कोण हाय. मी तवाच वळखलं. पोरीचा बाप असन, न्हाईतर मामा. चांगल्या घरचा दिसला मला, बोलणं लई आदबीचं."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली असावी, कारण आवाज थांबला. "मंग?" ती म्हणाली.

"मंग काय, बराबर सांगितलं. पोरगा लाखात एक. दारू न्हाई, गुटखा न्हाई, मान वर करून बघत न्हाई. त्यानं इचारलं, लग्न झालंय का. मी म्हणले बिलकुल न्हाई. ते गोऱ्या बाईचं कुणी सांगन तर ऐकू नका, ती शिकायला आल्ती, शिकून गेली. गल्लीत समद्यांला बजावून ठुलं होतं म्या, कुणी इचारलं तर असंच सांगायचं. पण त्यांनी तर पुन्हा तोंडच दाखवलं न्हाई. कुणी वंगाळ सांगितलं का काय, तेच कळंना."

मी बाहेर आलो. "काकू," मी ओरडलो, "तू माझं लग्न लावलं होतंस! विहारात पुढं तूच उभी राहिलीस!"

"लावलं ना," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला, पण नजर तिने खाली घेतली नाही. "म्हणूनच. मी पोरीकडची उभी राह्यले, आन पोरगी तुला सोडून गेली. दोन साल झाले, तिचा पत्ता न्हाई. तू माडीवर बोलायचास ते बी बंद झालं. मला रोज वाटायचं, माझ्या हातानं ह्याचं वाटोळं झालं. मंग मी न्हाई सावरायचं तं कोणी?"

आता या बाईवर चिडायचं तरी कसं? तिने स्वतःच्या लेकीचा अपराध आपल्या माथी घेऊन माझ्यासाठी दुसरी सोयरीक जमवायला घेतली होती. टॉवर आल्यावर मी खाली बोलायला लागलो आणि गल्लीने माझा संसार मोडल्याचं मानलं, व्हिसा ही माझी लाज झाकायची सबब ठरली. साड्या त्यामुळे बंद झाल्या होत्या. हॉटेलात त्यामुळे पिकाच्या गप्पा निघत होत्या. सगळं गाव माझ्या दुःखाला जपत होतं, आणि त्यातलं एक मोठं दुःख मला माहीतच नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती फोडलेल्या शेंगांची टरफलं गोळा करत होती. "माय, तुला ठाऊक होतं हे लोक बोलतेत ते?"

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुला कसं इचारावं?" मग टरफलं खाली ठेवून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तू एकदा खरं सांग. तिनं सोडलं तर न्हाई ना तुला?"

व्हिसा नाकारल्याने जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं मला या प्रश्नाने वाटलं. एका घरात, एका ताटावर बसून, माझी आई वर्षभर मनात हे घेऊन भाकरी थापत होती.

मी फोन काढला, व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला. तिकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं. बायको विस्कटलेल्या केसांनी, तोंडात ब्रश घेऊन पडद्यावर आली. मी फोन काकूसमोर धरला.

"काकू!" ती फेसासकट म्हणाली. "काय करून राह्यली?"

तिला मराठी येतं ते बांधावर शिकलेलं, आमचंच. काकूने पदर तोंडाला लावला. क्षणभर वाटलं ही रडणार. पण तिने पदर काढला आणि सुरू झाली. "कुठं मेल्ती गं तू? नवऱ्याला असं ठुवून दोन-दोन पावसाळे जातं का कोणी? तुझी माय हाय म्हणून सांगितलं होतं ना म्या समद्यांपुढं? एक फोन करता येत नव्हता का मायला?"

बायकोला अर्धं कळलं. तिने मला विचारलं, काय म्हणतेय? आणि मी पुन्हा दुभाष्या झालो. पाव्हणे, फाईल, पांढरी गाडी, लाखात एक, सगळं सांगितलं. ती आधी हसली. ब्रश हातात धरून खूप हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. "म्या इचारलं होतं," ती मला म्हणाली. "त्या माणसाला कोण समजले?"

"इचारलं होतंस," मी म्हणालो. "मीच ऐकलं नाही."

काकू फोनला हात लावून म्हणाली, "मी माझ्या तोंडानं तुझं लग्न मोडलं गं बाई." हे मात्र मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर मी दार लोटून बोलणं सोडून दिलं. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, फोन मोठ्याने लावायचा. काकू असायची, आई असायची, येणारा-जाणारा थांबायचा. नवरा-बायकोचं म्हणून जे काही बोलणं असतं ते सगळं गेलं. उरलं ते, तिकडं आज बर्फ पडला, काकूच्या म्हशीला रेडी झाली. चुलतभावाकडे जाऊन मी माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि नालीचा विषय पुन्हा काढला.

नकारावर दाद मागता येत होती. पण लिहायचं काय? आमच्याकडे अनोळखी माणूस फाईल घेऊन येतो आणि मुलाची चौकशी करतो तेव्हा तो मुलीचा बाप असतो, हे त्या काचेपलीकडच्या लोकांना कसं पटवायचं? मी इंग्रजीत लिहिलं, ते मलाच गावठी वाटलं. शेवटी बायकोने तिच्या भाषेत लिहिलं, अगदी तिच्या अभ्यासासारखं थंडपणे, की या भागात उत्तर प्रश्नावर नव्हे तर विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. त्यांना ते पटलं का नुसता कंटाळा आला, कोण जाणे. पुन्हा चौकशी करू, असं कळवलं.

तो माणूस पुन्हा आला तेव्हा मी घरी होतो. पन्नाशीचा, सभ्य, तीच फाईल. मला म्हणाला, तुम्ही आतच थांबा. मी दाराच्या मागे, त्या बुटांशेजारी उभा राहिलो. काकू ओट्यावर बसलेली होती. तिने त्याला पाणी विचारलं नाही.

"मावशी, मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, लग्न झालेलं नाही."

"म्हणले होते. खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही कोण ते सांगितलं न्हाई. मी पोरीचा बाप समजले."

त्याने फाईलचं पान उलटलं. "लग्न झालं तेव्हा तुम्ही होतात?"

"म्या हळद लावली. म्या साडी नेसवली. इथून पाठवणी केली, ह्या दारातून त्या दारात."

"तुम्ही मुलाच्या कोण लागता?"

"पोराची मी कोणी न्हाई," काकू म्हणाली. "मी पोरीची माय हाय."

बाहेर तो माणूस लिहीत होता, पेनाचा आवाज येत होता.

"मग तुमची मुलगी आहे कुठे?" त्याने विचारलं.

"तिकडं. बापाचं दुखणं काढून राह्यली. तिनं कवाचंच मूळ धाडलंय जावयाला, तुम्हीच तर आडवून ठुलंय."

तो हसला. जाताना त्याने स्वतःच पाणी मागितलं आणि काकूने आत जाऊन आणलं.

व्हिसा आला. स्टँडवरच्या जुन्या हॉटेलात मी मुद्दाम गेलो. "मूळ आलं सरांला!" असा गलका झाला आणि त्या दिवशी कुणी मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. आईने पेटीतल्या साड्या बॅगेत भरल्या. बूट मी न्यायला निघालो तर म्हणाली, "राहू दे. ती आली की लागतील." या खेपेला तिच्या आवाजात कसलाच प्रश्न नव्हता. तिला एकटीला टाकून निघालो हे मला टोचत होतं, आजही टोचतं. काकू गाडीपर्यंत आली. मला वाटलं रडेल. तिने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "नीट नांद."

आता मी तिकडं आहे. बायको जवळ आहे, तिच्या शेजारी बसता येतं, मी सुखात आहे. उगाच रडगाणं कशाला गाऊ? तिचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले, त्यांच्या शेवटच्या दिवसांत मला हाताशी राहता आलं. कामही मिळालंय. फक्त चार मजली इमारतीत आमच्या समोरचं दार कायम बंद असतं. त्या दाराआड राहणारे गृहस्थ जिन्यात भेटले की मान हलवतात. मी पाठ केलेला 'शेजारी' हा शब्द त्यांच्याशी बोलायला अजून एकदाही लागलेला नाही.

मध्यंतरी आम्ही दोघं खरंच एकत्र राहतो का हे पाहायला इथल्या कचेरीतला माणूस आला. आम्ही दोघं कामावर होतो, म्हणून त्याने समोरच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, मी त्यांना ओळखत नाही, कधी कधी पावलं ऐकू येतात. पुन्हा आला तेव्हा आम्ही घरी होतो, आणि त्यानेच हे सहज सांगितलं. काही बिघडलं नाही. गृहस्थ खरंच बोलले होते. पण माणूस गेल्यावर मी समोरच्या बंद दाराकडे बघत उभा राहिलो. इथे माझ्यासाठी खोटं बोलणारं कुणी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी गावाकडे फोन लागतो. काकू आधी लेकीशी बोलते, मग फोन माझ्याकडे येतो. परवा तिने विचारलं, "का रे, तिकडं शेजार कसा हाय?"

"लई चांगला हाय, काकू," मी म्हणालो. "माझं कुणी इचारलं तर बराबर सांगतेत."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून फोन आईकडे देऊन गेली.